मत मांडायचे, की ‘छान होता’ म्हणून मोकळे व्हायचे?

पत्राचा गोषवारा : पत्रलेखिका ५३ वर्षांच्या असून सातारा जिल्ह्यात राहतात आणि एका सरकारी कार्यालयात नोकरी करतात. वर्षाकाठी आठ-दहा चित्रपट पाहणाऱ्या, त्यातला काही अभ्यास नसलेल्या आपण एक साध्या प्रेक्षक आहोत, असे त्या म्हणतात. त्यांच्या वसाहतीतली दहा-बारा मंडळी दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कोणाच्या तरी घरी जमून एखादा चित्रपट पाहतात आणि नंतर त्यावर बोलतात. अशाच एका बैठकीत आवडीनिवडींचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी तीन नावे सांगितली : गटात कोणीच न पाहिलेला पण त्यांना फार भावलेला ‘किल्ला’, निराशा करणारा ‘कोर्ट’ आणि भिशीच्या मैत्रिणींबरोबर दोनदा पाहिलेला, मनमुराद आनंद देणारा ‘बाईपण भारी देवा’. त्यावर पूर्वी फिल्म सोसायटीचे सभासद असलेले एक निवृत्त प्राध्यापक हसून म्हणाले, “ताई, तुम्हाला गोष्ट कळते, सिनेमा कळत नाही.” तेव्हापासून त्या प्रत्येक चित्रपटाबद्दल ‘छान होता’ एवढेच बोलतात. दुसरी खंत वेगळी आहे. एका नव्या मराठी चित्रपटाच्या मध्यंतरातच त्या उठून घरी आल्या आणि कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांनी ‘कंटाळवाणा, पैसे वाया’ असे लिहिले. पाच-सहा जणींनी जाणे रद्द केले आणि पुढच्या शुक्रवारी तो चित्रपट गावातून उतरला. काही महिन्यांनी उरलेला भाग मोबाइलवर पाहिला, तेव्हा तो त्यांना चांगला वाटला. आपण मत मांडावे की नाही, त्याआधी काही शिकून घ्यावे का, आणि पुढच्या महिन्यात चित्रपट निवडण्याची पाळी आपली आहे तेव्हा काय निवडावे, असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडखळले. पूर्वार्धात तुम्ही म्हणता की तुमच्या मताला काही किंमत नाही; उत्तरार्धात म्हणता की तुमच्या मतामुळे एक चित्रपट गावातून उतरला. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे कठीण आहे. मला वाटते, दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे मत म्हणजे निकाल. निकाल द्यायचा तर अधिकार हवा, तो आपल्याकडे नाही, म्हणून गप्प बसायचे; आणि चुकून तो दिला गेलाच तर कोणाचे तरी नुकसान होते, म्हणून मनाला लावून घ्यायचे. न्यायाधीशाची ही खुर्ची तुम्ही आधी सोडून द्यावी आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहावे, असे मी सुचवीन. साक्षीदाराला कायदा माहीत असावा लागत नाही. आपण कोठे होतो, काय पाहिले, काय ऐकले आणि शेवटपर्यंत हजर होतो का, एवढे त्याने खरे सांगावे लागते. तुमच्या तिन्ही चित्रपटांकडे आणि त्या चौथ्या, अर्ध्यावर सोडलेल्या चित्रपटाकडे आपण याच नजरेने पाहू या.

‘किल्ला’पासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत चांगला मजकूर त्याच्याविषयी आहे. तुम्ही लिहिता की २०१५ च्या पावसाळ्यात तुम्ही कॉलेजात जाणाऱ्या मुलाबरोबर तो पाहिला, चित्रगृहात तुम्हा दोघांसह सात माणसे होती, आणि बाहेर पडताना मुलाने एक शब्दही न बोलता तुमच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. त्याआधी काही वर्षे तुमची बदली रत्नागिरी जिल्ह्यात झाली होती आणि पतीची नोकरी इकडे असल्यामुळे दहा वर्षांच्या मुलाला घेऊन तुम्ही एकट्याच तिकडे राहिला होता. ‘किल्ला’मधली आईही सरकारी नोकरीत आहे, तीही बदली होऊन मुलासह कोकणातल्या एका लहान गावात येते, फक्त तिचा नवरा या जगात नाही. अमृता सुभाष यांनी केलेली ती आई आणि नव्या शाळेत, नव्या मित्रांत रुजू पाहणारा तो अकरा वर्षांचा मुलगा यांच्याविषयी लिहिताना तुम्ही कथानक सांगितलेले नाही. पावसात किल्ल्यावर एकट्या पडलेल्या मुलाचे दृश्य तुम्ही लिहिले आहे, आणि ‘त्या वेळी पावसाचा आवाज इतका मोठा होता की मला तो हाक मारत असेल तरी ऐकू येणार नाही असे वाटले’ हे वाक्य लिहिले आहे. ताई, हे वाक्य गोष्टीविषयी नाही. ते ध्वनीविषयी आहे, चित्रचौकटीतल्या एकटेपणाविषयी आहे. दिग्दर्शक अविनाश अरुण मुळात छायालेखक आहेत आणि पाऊस, समुद्र, ओल्या भिंती यांच्याकडून त्यांनी या चित्रपटात पात्रांइतकेच काम करून घेतले आहे. ते तुमच्यापर्यंत पोचले. ज्याला सिनेमा कळत नाही त्याच्यापर्यंत ते पोचत नाही.

प्राध्यापकांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. २०१४ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात ‘किल्ला’ला मानाचे स्फटिक-अस्वल (‘क्रिस्टल बेअर’ हे पारितोषिक) मिळाले, आणि ते देणारे परीक्षक मंडळ मुलांचे होते. ज्यांनी चित्रपटाच्या इतिहासाची पाने उलटली नसतील, ज्यांना मराठी येत नव्हते आणि ज्यांनी कोकणचा पाऊस पाहिला नव्हता, अशा मुलांनी तो चित्रपट निवडला. पुढे आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणूनही त्याचीच निवड झाली. जाणकार आणि अजाण दोघेही एकाच ठिकाणी येऊन थांबले, असे हे उदाहरण आहे.

आता एक प्रश्न मला तुम्हालाच विचारावासा वाटतो, आणि तो दुखावण्यासाठी नाही. ‘किल्ला’ तुम्हाला इतका आवडला, त्यात चित्रपटाचा वाटा किती आणि तुमच्या बदलीचा किती? दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरमध्ये अभिनवगुप्तांनी नाट्यशास्त्रावर ‘अभिनवभारती’ ही टीका, म्हणजे भाष्य, लिहिली. तीत त्यांनी रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक म्हणजे निजसुखादिविवशीभाव, अर्थात प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात इतके बुडून जाणे की समोरचे नाटक त्याला दिसेनासे व्हावे. आपली बदली आठवून डोळे भरून आले आणि पडद्यावरचे दिसलेच नाही, असे झाले असते तर ते विघ्न ठरले असते. तुमच्या बाबतीत तसे झालेले मला वाटत नाही, कारण तुम्हाला पावसाचा आवाज आठवतो. स्वतःच्या आठवणीने तुम्हाला दारापर्यंत आणले, आत तुम्ही चित्रपटाच्या पायांनी गेला. मात्र आवडलेल्या प्रत्येक चित्रपटाबाबत हा प्रश्न एकदा स्वतःला विचारून पाहण्याची सवय लावून घ्या. ‘मला आवडला’ आणि ‘तुम्हालाही आवडेल’ या दोन वाक्यांमधले अंतर त्या प्रश्नाने लक्षात येते.

हेच विघ्न ‘कोर्ट’च्या दिवशी उलट्या बाजूने काम करून गेले असावे, असा माझा अंदाज आहे. तुम्ही ओझरते लिहून गेला आहात की मार्चअखेरच्या कामाचा शीण अजून उतरला नव्हता, सासूबाई रुग्णालयात होत्या आणि ‘सुवर्णकमळ (सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार) मिळालेला चित्रपट आहे, पाहिलाच पाहिजे’ म्हणून तुम्ही कार्यालयातून परस्पर गेला. शिवाय तुम्हाला वाटले होते की उलटतपासणी असेल, आवाज चढतील, शेवटी सत्य बाहेर येईल. न्यायालयाचे चित्रपट आपण सगळ्यांनी तसेच पाहिले आहेत. त्यामुळे ही अपेक्षा चुकीची म्हणता येणार नाही. पण चैतन्य ताम्हाणे यांनी जे केले आहे ते नेमके याच्या उलट आहे. एका शाहिरावर असा आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. आणि त्या खटल्यात प्रत्यक्ष काय घडते, तर तारखा पडतात. कॅमेरा दूर आणि स्थिर असतो, महत्त्वाचे बोलून झाले तरी दृश्य संपत नाही, आणि मध्येच खटला बाजूला ठेवून चित्रपट वकिलांच्या घरी जातो. गीतांजली कुलकर्णी यांनी केलेल्या सरकारी वकील बाई दिवसभर एका माणसाला तुरुंगात ठेवण्यासाठी युक्तिवाद करतात आणि संध्याकाळी लोकलने घरी जाऊन चारचौघींसारख्या स्वयंपाकाला लागतात.

तुम्ही लिहिता, ‘काहीच घडत नाही, नुसते कागद वाचत राहतात.’ अगदी बरोबर पाहिलेत. जे तुम्ही दोष म्हणून नोंदवले तेच त्या चित्रपटाचे म्हणणे आहे, अशी एक शक्यता मात्र तुम्ही तपासून पाहिलेली नाही. तुमचे आयुष्य सरकारी कार्यालयात गेले आहे. फाइल टेबलावरून टेबलावर कशी सरकते, समोरच्या माणसाचा जीव टांगणीला लागलेला असताना आपण डबा खायला कसे उठतो, आणि यात कोणीही दुष्ट नसताना अन्याय कसा होऊन जातो, हे तुमच्याइतके त्या प्राध्यापकांनाही माहीत नसेल. बिनबाह्यांचे कपडे घातलेल्या बाईचे प्रकरण न्यायाधीश ऐकून घेत नाहीत, एवढे एकच दृश्य आठवा. तिथे कोणी ओरडत नाही, संगीत वाजत नाही आणि पुढचे प्रकरण पुकारले जाते. विश्रांती झालेली असताना, सुवर्णकमळाचे ओझे न घेता, तुम्ही तो पुन्हा एकदा पाहावा असे मला मनापासून वाटते. पुन्हा पाहूनही कंटाळा आला तर तेही प्रामाणिकपणे सांगा. प्रेक्षकाला कंटाळवून कंटाळ्याविषयी सांगणे ही कोणत्याही दिग्दर्शकाने पत्करलेली जोखीमच असते, आणि ती प्रत्येकाच्या बाबतीत यशस्वी होईलच असे नाही. दीर्घ, स्थिर दृश्ये आवडली नाहीत म्हणून कोणी अडाणी ठरत नाही.

पुन्हा पाहण्याचा आग्रह मी स्वानुभवावरून धरते. उमेश कुलकर्णी यांचा ‘विहीर’ २०१० मध्ये चित्रगृहात आला तेव्हा मी तो पाहिला होता. नात्याने भाऊ असलेल्या दोन मुलांतला एक निघून जातो आणि उरलेला मुलगा त्याला शोधत राहतो, एवढेच त्यात घडते. मला तो लांबलेला आणि थंड वाटला, आणि तसे मी ओळखीच्या माणसांना सांगितलेही. काही वर्षांनी आमच्या घरात एक जवळचे माणूस गेले. त्यानंतर एका दुपारी तो चित्रपट पुन्हा समोर आला, तेव्हा त्या मुलाचे नुसते चालत राहणे मला समजले. चित्रपट तोच होता. पहिल्या वेळी मी खोटे बोलले नव्हते, पण ‘चित्रपट थंड आहे’ असे न म्हणता ‘मला अजून त्याच्याजवळ जाता आले नाही’ असे म्हणायला हवे होते, हे मला आजही टोचते.

‘बाईपण भारी देवा’बद्दल तुम्ही जवळजवळ माफी मागितल्यासारखे लिहिले आहे. ‘दर्जेदार नसेल, पण खूप हसलो-रडलो’ हे तुमचे शब्द. इथे मी तुमच्या बाजूने थोडी भांडणार आहे. ३० जून २०२३ रोजी केदार शिंदे यांचा हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि महिनाभर महाराष्ट्रातल्या चित्रगृहांत बायका नऊवारी नेसून, गट करून, कधी पूर्ण रांगाच्या रांगा आरक्षित करून येत राहिल्या. एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, ही त्याची कथा. माझे स्वतःचे मत विचाराल तर उत्तरार्धात पात्रे आपल्या मनातले जरा जास्तच बोलून दाखवतात. पडद्यावर दिसलेले पुन्हा शब्दांत ऐकावे लागते. पण रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांच्यातला बहिणीबहिणींचा अबोला मी विसरू शकलेले नाही, आणि पन्नाशीच्या बाईचे गुडघे, तिची झोप, तिचा दबलेला राग हा मराठी पडद्यावर इतक्या उजेडात क्वचित आलेला विषय आहे. अभिनवगुप्तांकडेच पुन्हा जाऊ. स्वतःच्या सुखदुःखात बुडालेल्या प्रेक्षकाला त्यातून बाहेर काढण्यासाठी वाद्ये, गायन आणि सजवलेला रंगमंडप यांचा उपयोग होतो, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. बारा मैत्रिणींनी गजरे माळून एका रांगेत बसणे हा तुमच्या बाबतीत तो मंडपच होता. तो आनंद चित्रपटाचा थोडा आणि सोबतीचा थोडा होता, असे म्हणायला काही हरकत नाही. फक्त त्यासाठी दर्जाची माफी मागू नका. हसवणे हे काम सोपे असते तर ते इतक्या जणांना जमले असते. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ आजही घराघरांत तोंडपाठ आहे. ज्या हिंदी चित्रपटावर तो बेतला, तो हृषीकेश मुखर्जी यांचा १९६६ चा ‘बीवी और मकान’ मात्र आज फार थोड्यांना आठवतो. कल्पना एकच, वेळ साधणे, नटांची संगत आणि भाषेची लज्जत यांनी एवढा फरक पडला. मनोरंजक चित्रपटालाही कारागिरी लागते आणि ती कोठे आहे हे शोधणे हाही रसास्वादाचाच भाग आहे.

त्याच १९६६ मध्ये ‘तीसरी कसम’ आला होता. प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली, निर्माते कवी शैलेंद्र कर्जात बुडाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्यालाच मिळाले आणि आज तो अभिजात मानला जातो. उलट १९७५ मध्ये ‘शोले’ला अनेक समीक्षकांनी पहिल्या आठवड्यात झिडकारले होते आणि साध्या प्रेक्षकांनी एकमेकांना सांगून सांगून तो मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात पाच वर्षे चालवला. जाणकार चुकले आहेत, गर्दीही चुकली आहे. म्हणून प्राध्यापकांसमोर दबून जाण्याचे कारण नाही, तसेच ‘आम्हा सामान्यांनाच खरे कळते’ असा उलटा ताठाही नको. दुसरा धोका तुम्हाला कमी आहे, पण हा स्तंभ वाचणाऱ्या इतरांना तो असू शकतो.

आता त्या व्हॉट्सॲपच्या निरोपाकडे येते. तुमच्या एका वाक्याने चित्रपट उतरला, हे मला पटत नाही. चित्रपट शुक्रवारी लागतो आणि शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांचा गल्ला पाहून पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात. लहान मराठी चित्रपटाला अनेकदा सकाळचा किंवा भर दुपारचा एखादाच खेळ मिळतो, तोही अशा वेळी की नोकरी करणाऱ्याला जाता येऊ नये. २०१५ च्या एप्रिलमध्ये, ‘कोर्ट’ आला त्याच महिन्यात, मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना मोक्याच्या वेळी खेळ मिळावेत म्हणून राज्य सरकारने निर्णय जाहीर केला आणि मोक्याची वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी धरली. पण दुपारी १२ चा खेळ नोकरदार माणसाच्या कितपत उपयोगाचा, हे तुम्हीच जाणता. या सगळ्यात ‘पुढच्या आठवड्यात निवांत पाहू’ म्हणणारे आपण सर्वजण आहोत. दुर्लक्षित राहिलेल्या चित्रपटांपैकी कित्येकांकडे कोणी ठरवून दुर्लक्ष केलेले नसते. आपली सवड होईपर्यंत ते पडद्यावर उरलेले नसतात. तेव्हा जो मराठी चित्रपट पाहायचाच आहे तो पहिल्या तीन दिवसांत पाहा. वर्षातून तीन-चार चित्रपटांसाठी एवढे जरी केले तरी ते मत मांडण्याहून मोठे काम होईल.

तुमची चूक दुसरीकडे झाली, आणि ती तुम्हाला ठाऊक आहे. अर्धा चित्रपट पाहून तुम्ही पूर्ण चित्रपटाबद्दल लिहिले. मध्यंतरात उठून जाण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे; तिकीट तुमचे, वेळ तुमचा. पण ‘मी मध्यंतरात बाहेर पडले’ हे चार शब्द निरोपात असते, तर वाचणारीला त्या मताचे वजन स्वतः ठरवता आले असते. ‘कंटाळवाणा, पैसे वाया’ या ऐवजी ‘पूर्वार्ध फार संथ वाटला, मी थकलेली होते, निघून आले, ज्यांना शांत चित्रपट आवडतात त्यांनी पाहून मला उत्तरार्ध कसा आहे ते कळवा’ असे लिहिले असते तर कदाचित पाचातल्या दोघी गेल्या असत्या. लिहायला अर्धा मिनिट जास्त लागला असता, एवढेच. नंतर तो चांगला वाटला, हे तुम्ही त्याच गटावर कळवले का, ते पत्रात नाही. कळवले नसेल तर आज कळवा. चित्रपट आता घरबसल्या पाहता येतो, त्यामुळे उशीर झालेला नाही, आणि मत बदलल्याचे उघडपणे सांगणाऱ्या माणसाच्या पुढच्या मतावर लोक अधिक विश्वास ठेवतात, असा माझा अनुभव आहे.

तुम्ही एक वही ठेवता आणि तीत प्रत्येक चित्रपटाला दहापैकी गुण देता, हे वाचून आनंद झाला आणि थोडी चिंताही वाटली. ‘किल्ला’ ९, ‘बाईपण’ ८, ‘कोर्ट’ ४ अशी तुमची नोंद आहे. हे आकडे तुम्हालाच पाच वर्षांनी काही सांगणार नाहीत. गुण हवे तर ठेवा, पण त्यांच्या शेजारी दुसऱ्या दिवशी सकाळी तीन ओळी लिहा : कोणते दृश्य झोपेतून उठल्यावरही डोळ्यांसमोर होते, कोठे घड्याळाकडे लक्ष गेले, आणि त्या दिवशी तुमची स्वतःची अवस्था काय होती. दुसरी ओळ विशेष काळजीने लिहा, कारण ‘कंटाळवाणा’ हा शब्द फार गोष्टी पोटात घालतो. पात्र कोण आहे तेच कळले नाही म्हणून कंटाळा येतो, पुढे काय होणार ते आधीच कळले म्हणूनही येतो, संवाद ऐकू आले नाहीत म्हणून येतो आणि सीट मोडकी होती म्हणूनही येतो. यांतला कोणता होता ते लिहिले की तुमचे मत आपोआप समीक्षेच्या जवळ जाते, त्यासाठी कोणताही पारिभाषिक शब्द लागत नाही. आणि वर्षातून एकदा वहीतला सर्वांत कमी गुणांचा एखादा चित्रपट पुन्हा पाहा.

शिकण्याविषयी विचारले आहे. अभिनवगुप्तांनी ‘सहृदय’ कोणाला म्हटले, तर काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे त्याला. म्हणजे निव्वळ हळवेपणा पुरत नाही, अभ्यास लागतो, हे प्राध्यापकांचे म्हणणे मलाही मान्य आहे. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्यातर्फे चित्रपट रसास्वादाचे अभ्यासक्रम होत आले आहेत. मुंबईची प्रभात चित्र मंडळासारखी फिल्म सोसायटी १९६८ पासून हेच काम करते आहे. निवृत्तीनंतर सवड आणि हौस असेल तर अवश्य जा. तिथे तुम्हाला नवी उत्तरे मिळण्याआधी नवे प्रश्न मिळतील, आणि दृश्य किती वेळ चालले, कोठे कापले, आवाज कोठून आला, हे पाहण्याची सवय लागेल. मात्र तोंड उघडण्याची परवानगी मिळवण्यासाठी म्हणून जाऊ नका. परवानगी कोणाकडून घ्यायची नसते, आणि शिकून आल्यावर पावसाच्या आवाजाविषयीचे तुमचे ते वाक्य तुम्ही लिहिणे सोडून दिलेत तर मला फार वाईट वाटेल.

प्राध्यापकांशी वैर धरू नका. एका चेष्टेच्या वाक्यावरून माणसाची पारख करणे हाही मध्यंतरात उठून जाण्याचाच प्रकार झाला. पुढच्या वेळी ते ‘कोर्ट’विषयी बोलतील तेव्हा त्यांना विचारा, “सर, तुम्हाला त्यातले कोणते दृश्य आठवते?” त्यांना खरोखर आवडला असेल तर ते एखादे दृश्य असे सांगतील की तुम्हाला पुन्हा पाहावेसे वाटेल; आणि केवळ पारितोषिकांची यादी सांगितली तर तुमच्या मनातला त्यांचा दरारा आपोआप कमी होईल. कोणतेही झाले तरी गटातल्या बाकीच्या, तुमच्यासारख्याच ‘छान होता’ म्हणून सुटका करून घेणाऱ्या मंडळींना बोलायला एक वाट मिळेल. अशी माणसे प्रत्येक गटात असतात आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतही असतात.

राहिली तुमची पाळी. ‘किल्ला’ निवडा. सुमारे पावणेदोन तासांचा आहे, गटात कोणी पाहिलेला नाही, आणि त्याच राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ ‘कोर्ट’ला मिळाले होते, त्यामुळे त्यानंतरच्या महिन्यात ‘कोर्ट’ पाहावा असे तुम्हीच सुचवू शकाल. एकाच वर्षी मराठीत किती निराळे दोन चित्रपट झाले ते सर्वांना शेजारी शेजारी दिसेल. सुरुवातीला चित्रपटाची तोंडभर स्तुती करू नका, कारण वाढवून ठेवलेल्या अपेक्षेने काय होते ते तुम्ही सुवर्णकमळाच्या बाबतीत अनुभवले आहे. स्वतःच्या बदलीविषयीही आधी सांगू नका, ते नंतर सांगा. शक्य असेल तर मुलालाही त्या शनिवारी घरी बोलवा. दिवे मालवा, पंख्याचा आवाज होत असेल तर पंखा बंद ठेवा म्हणजे पाऊस नीट ऐकू येईल, आणि संपल्यावर चहा येईपर्यंत कोणी काही बोलायचे नाही, एवढी विनंती सर्वांना, प्राध्यापकांनाही, आधीच करून ठेवा.

तुमची,
स्तंभलेखिका